घरचा जमाखर्च : भाजीच्या टोपलीचा खरा भाव

कोल्हापुरांतल्या सुशिक्षित घरांतून हल्लीं एक नवा वाद ऐकूं येतो. सूनबाई 'सेंद्रिय' अशी पाटी लावलेल्या दुकानांतून मेथीची जुडी आणतात. ती कपिलतीर्थाच्या मंडईंतल्या जुडीच्या दीडपट-दुप्पट किंमतीची असते. आजींचें म्हणणें असें कीं, मेथी ती मेथी. आमच्या वेळीं सगळीच शेणखताची असे आणि तिचे कोणी जास्त पैसे मागत नसे. मामंजी वर्तमानपत्रांतून मान वर न करतां सांगतात कीं, हें सारें दुकानदारांचें थोतांड आहे. घरांतला शिकणारा मुलगा विषारी फवाऱ्यांच्या बातम्या वाचून दाखवितो. जेवणें होतात, वाद तसाच राहतो, आणि दुसऱ्या दिवशीं ज्याच्या हातांत पिशवी त्याच्या मताप्रमाणें भाजी येते.

ह्या वादांत आरोग्याची बाजू पुष्कळ बोलली जाते. पैशाची बाजू मात्र 'महाग आहे' एवढ्या दोन शब्दांत संपते. महाग कां, किती, आणि जास्तीचे पैसे जातात कोणाकडे, ह्याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाहीं. हें सदर जमाखर्चाचें असल्यामुळें आज तोच मांडावयाचा विचार आहे. आरोग्यासंबंधीं एवढेंच सांगून पुढें जातों कीं, २०१२ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं तोंवर झालेले अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हां सेंद्रिय अन्नांत पोषक द्रव्यें विशेष अधिक असतात असा भक्कम पुरावा त्यांस मिळाला नाहीं. कीटकनाशकांचे अंश मात्र त्यांत कमी आढळले. तेव्हां जास्तीचा पैसा द्यावयाचा तो जीवनसत्त्वांसाठीं नव्हे. शेतकरी ज्याला 'औषध' म्हणतो आणि आपण विष म्हणतों, त्याचा अंश टाळण्यासाठीं.

आतां आजींच्या म्हणण्याकडे वळूं. त्यांच्या वेळीं सारी भाजी शेणखताची होती हें खरें; पण त्या वेळीं शेणखत गोठ्यांतून येई, बाजारांतून नव्हे. गोठ्यांतल्या वस्तूची किंमत कोणी वहींत लिहीत नसे. आज ती लिहावी लागते, आणि लिहूं लागलें म्हणजे मौज दिसते ती अशी. युरियाचें एक पोतें ४५ किलोचें. त्यांत नत्र शेंकडा ४६, म्हणजे सुमारें २०.७ किलो. चांगल्या कुजलेल्या शेणखतांत नत्राचें प्रमाण शेंकडा अर्ध्याच्या आसपास असतें. तेव्हां तितकेंच नत्र शेणखतांतून द्यावयाचें तर चार टनांहून थोडें अधिक शेणखत लागेल. युरियाचें पोतें शेतकऱ्यास २६६ रुपये ५० पैशांस मिळतें, आणि तो तें दुचाकीवर आडवें टाकून घरीं नेतो. चार टन शेणखतासाठीं ट्रॉली बोलवावी लागते, भरणारे आणि उतरणारे गडी लागतात, तें रानांत विसकटणाऱ्या बायका लागतात. खताची किंमत आणि ही मजुरी मिळून कित्येक हजारांची गोष्ट होते.

दोहोंची तुलना करतांना शेणखतावर अन्याय होऊं नये. त्यांत स्फुरद आहे, पालाश आहे, सूक्ष्म द्रव्यें आहेत, आणि जमीन भुसभुशीत ठेवणारा, ओल धरून ठेवणारा सेंद्रिय कर्ब आहे. युरियांत नत्रावांचून ह्यांपैकीं कांहींच नाहीं. परंतु हे गुण सावकाश फळ देणारे आहेत. शेणखतांतल्या नत्राचा थोडाच भाग पहिल्या वर्षीं पिकाच्या मुखीं लागतो. उरलेला पुढील वर्षांच्या खात्यावर जमा होतो. ज्याची जमीन स्वतःची आहे तो ही ठेव ठेवूं शकेल. ज्यानें दुसऱ्याचें रान वर्षाच्या करारानें भाजीसाठीं घेतलें आहे, त्यानें मालकाच्या जमिनींत आपला पैसा कां पुरावा?

शिवाय युरियाची ती २६६ रुपयांची किंमत खरी नव्हेच. पोत्याचा खरा खर्च तिच्या कित्येक पट असून मधलें अंतर सरकार भरतें. २०२२-२३ ह्या एका वर्षांत खतांच्या अनुदानापायीं केंद्र सरकारचे सुमारें अडीच लाख कोटी रुपये खर्च झाले. तो पैसा आपल्याच करांतून जातो, पण मंडईंत भाजी घेतांना तो दिसत नाहीं, म्हणून भाजी स्वस्त वाटते. तेव्हां आजींच्या मेथीचें खत घरचें होतें, मंडईंतल्या मेथीचें खत बव्हंशीं सरकारनें भरलेलें आहे, आणि सेंद्रिय मेथीचें खत शेतकऱ्यानें पुऱ्या बाजारभावानें विकत घेतलेलें आहे. 'मेथी ती मेथी' हें पानांत खरें. वहींत खरें नाहीं.

गोकुळच्या दुधामुळें आपल्या जिल्ह्यांत जनावरांस तोटा नाहीं, मग शेण कमी कां पडावें, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर ऊस. पाण्याप्रमाणेंच शेणखतावरहि पहिला हक्क बहुधा उसाचाच असतो. भाजीच्या वांट्यास उरलेलें येतें. हा तुटवडा जुनाच आहे, आणि त्यावरचा एक नामी उपाय आपल्याच लोकांच्या मुलखांत, होळकरांच्या इंदुरास, सिद्ध झाला. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ ह्या काळांत तेथें काडीकचरा, पालापाचोळा, गोमूत्रानें भिजलेली माती, राख आणि थोडें शेण यांचे थर देऊन, ते वेळोवेळीं हलवून, सुमारें तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धति बसविली. तिच्यांत शेण हें मुख्य अन्न नसून विरजण आहे. हॉवर्डसाहेबांनीं आपलें पुष्कळसें ज्ञान हिंदी शेतकऱ्याच्या रानांत पाहून मिळविलें होतें आणि तसें ते मोकळेपणीं सांगत. त्यांचा १९४० सालचा ग्रंथ इंग्लंडांतल्या सेंद्रिय शेतीच्या चळवळीचा मूळ आधार झाला. आमच्याकडून गेलेली वस्तु विलायतेचा शिक्का घेऊन परत आली म्हणजे तिला भाव येतो, हा अनुभव मात्र नवा नाहीं.

कोल्हापुरांत हा विचार पुढें नेणारा मनुष्य शेतकी खात्यांतला नव्हता. तो गणिताचा अध्यापक होता. श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गारगोटीच्या मौनी विद्यापीठांत गणित शिकवीत. तासगांवच्या द्राक्षबागाइतदारांना बरोबर घेऊन त्यांनीं 'प्रयोग परिवार' उभा केला. परिवारांतल्या प्रत्येकानें आपल्या रानांत प्रयोग करावा, मोजमाप ठेवावें आणि जें आढळलें तें इतरांस सांगावें, एवढीच त्याची घटना. त्यांचा सगळा भर जमाखर्चावर होता, म्हणूनच ह्या सदरांत त्यांचें नांव शोभतें. सूर्यप्रकाश ही शेतकऱ्याची रोजची मिळकत. पान हें ती मिळकत वसूल करणारें यंत्र. तेव्हां रानांत पानांचा विस्तार किती, त्यांतला उन्हांत किती, आणि ऊन उघड्या मातीवर पडून वायां किती गेलें, हें शेतकऱ्यानें मोजलें पाहिजे, असें त्यांचें सांगणें. पांच माणसांच्या कुटुंबाचा चरितार्थ दहा गुंठ्यांवर चांगला चालूं शकेल असें ते गणित मांडून दाखवीत. 'विपुलाच सृष्टी' हें त्यांचें मराठी पुस्तक आणि 'प्लेंटी फॉर ऑल' हें १९९८ सालचें इंग्रजी पुस्तक ज्यांनीं वाचलें असेल, त्यांना हा माणूस किती बारकाईनें पाही हें ठाऊक आहे. मुंबईंतल्या गच्च्यांवर पालापाचोळ्यांत भाजी पिकविणाऱ्यांनींहि त्यांच्याकडूनच धडे घेतले. २००१ सालीं ते वारले.

श्रीपादरावांच्या पद्धतींत विकत आणावयाचें फारच थोडें. लागतें तें लक्ष. रोज वाफ्याशीं बसणें, पान न् पान पाहणें, नोंद करणें. हें त्यांचें सामर्थ्य, आणि आमच्या मतें त्यांच्या पद्धतीची अडचणहि हीच. दहा गुंठ्यांस गणिताच्या अध्यापकाचें चित्त मिळालें तर दहा गुंठे सोनें देतील; परंतु दोन एकरांत भाजी करून, दूध घालून, मुलाची शाळेची फी भरणाऱ्या शेतकऱ्याकडून तितक्या अवधानाची अपेक्षा करणें म्हणजे त्याच्या वेळेची किंमत शून्य धरणें होय. सेंद्रिय शेतीचीं पुष्कळशीं स्तुतिस्तोत्रें ह्या शून्यावर उभीं आहेत. 'खर्च नाहीं' असें जेथें म्हटलें जातें, तेथें बहुधा घरच्या माणसांची, त्यांतहि घरच्या बायकांची, मजुरी लिहावयाची राहिलेली असते. खुरपणी ही भाजीच्या शेतींतली सर्वांत कष्टाची बाब. तणनाशक नको म्हटलें म्हणजे तें काम कोणाच्या तरी कमरेवर येतें.

येथें थोडें विषयांतर करतों. कोल्हापूरचेच शेतकरी आणि शेतीविषयक लेखक प्रताप चिपळूणकर यांनीं 'नांगरणीशिवाय शेती' हा विचार मांडला. पीक काढल्यावर त्याचीं मुळें आणि खोडकीं जमिनींतच कुजूं द्यावींत, वरचेवर नांगरून जमीन उघडी करूं नये, म्हणजे बाहेरून शेणखत आणण्याचा भार हलका होतो, असा त्याचा मथितार्थ. रासायनिक खत मात्र त्यांनीं सर्वस्वीं वर्ज्य मानलेलें नाहीं. म्हणजे सेंद्रिय एका तीरावर आणि रासायनिक दुसऱ्या तीरावर, अशी जी वांटणी आपण शहरांत बसून करतों, ती रानांत तितकी स्वच्छ नसते. आणि नांगराशिवाय पिकलेलें अन्न आपल्या घरांना अगदींच नवें तरी कोठें आहे? ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचें खावयाचें नाहीं म्हणून परसांतल्या अळूची, भेंडीची, लाल भोपळ्याची भाजी आपण भक्तीनें करतों. परसें गेलीं, म्हणून तीहि आतां मंडईंतून येते, आणि त्या दोन दिवसांत तिचा भाव काय होतो हें घरांतल्या बायकांना विचारावें.

असो. आतां शेताच्या बांधावरचा हिशेब. समजा, एका शेतकऱ्याच्या दहा गुंठ्यांत रासायनिक पद्धतीनें हंगामांत १०० टोपल्या भाजी निघाली आणि टोपलीस १०० रुपये पडले. जमा १०,०००. बियाणें, खत, औषध, पाणी, मजुरी मिळून खर्च ६,०००, शिल्लक ४,०००. हे आंकडे समजण्याच्या सोयीसाठीं घेतले आहेत. लक्ष त्यांच्या प्रमाणावर ठेवावें. सेंद्रिय पद्धतीनें उत्पन्न किती घटेल? 'नेचर' ह्या नियतकालिकांत २०१२ सालीं जगभरच्या तुलनांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत सर्व पिकें मिळून सरासरी घट शेंकडा २५, आणि भाजीपाल्यांत शेंकडा ३३ आढळली. आपण अनुभवी शेतकरी धरून ७५ टोपल्या मानूं. खत-औषधाचे पैसे वांचले, खुरपणीचे वाढले. खर्च ५,५०० धरूं. जुन्याच भावानें जमा ७,५००, शिल्लक २,०००. मिळकत अर्ध्यावर आली. पूर्वीइतकी शिल्लक राहण्यासाठीं त्याला टोपलीस सुमारें १२७ रुपये मिळाले पाहिजेत. भाजीपाल्याची ती एक-तृतीयांश घट पुरी धरली, तर १४२.

इथवर मामंजी म्हणतील, 'पाहा, शेंकडा सत्तावीस ते बेचाळीस महाग!' पण थांबावें. हा भाव बांधावरचा आहे, आपल्या दारचा नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ सालच्या एका अभ्यासलेखांत असें काढलें आहे कीं, टोमॅटोसाठीं गिऱ्हाईक जो रुपया देतें त्यांतले सुमारें ३३ पैसे शेतकऱ्याच्या हातीं पडतात. कांदा आणि बटाटा यांतहि प्रमाण ह्याहून फारसें वेगळें नाहीं. म्हणजे शेतकऱ्याला १०० मिळतात तेव्हां आपण ३०० देत असतों. त्याला २७ अधिक द्यावयाचे असतील, तर आपले ३०० चे ३२७ व्हावेत. वाढ शेंकडा नऊ. ४२ अधिक दिले तरी ३४२. वाढ शेंकडा चौदा. शेतकऱ्याला सेंद्रिय भाजी परवडावी ह्यासाठीं लागणारी रक्कम एवढीच आहे. दुकानांतली दीडपट-दुप्पट किंमत हिच्यांतून निघत नाहीं.

परदेशांतला एक हिशेबहि ह्याच दिशेचा आहे. २०१५ सालीं दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनीं पांच खंडांतल्या ५५ पिकांचे जमाखर्च तपासून असें दाखविलें कीं, सेंद्रिय शेतकऱ्याला रासायनिकाच्या बरोबरीस येण्यापुरती भाववाढ शेंकडा पांच ते सात एवढीच लागते. प्रत्यक्षांत त्याला मिळे ती तिसाच्या आसपास होती. आमचा आंकडा त्याहून बराच मोठा आहे, आणि तो तसा असणें योग्य आहे असें आम्हांस वाटतें; कारण त्यांच्यांत सगळ्या प्रकारचीं पिकें आहेत, आणि भाजीइतकी घट सगळ्याच पिकांत येत नाहीं.

मग मधले पैसे खातें कोण? येथें अडत्याच्या नांवानें बोटें मोडण्याची आपल्याकडे चाल आहे. ती सोडून द्यावी. अडत्या माल आला तितका घेतो, निवडीचा, चिरडलेला, उरलेला सगळा. पैसे बहुधा हातोहात देतो. पेरणीच्या वेळीं उचलहि देतो. हीं कामें फुकट होत नाहींत. सेंद्रिय भाजींत हींच कामें लहान प्रमाणावर आणि म्हणून महाग होतात. पन्नास टोपल्यांचा टेम्पो आठ टोपल्या घेऊन येतो, भाडें तेंच. दुकानांत दोन दिवसांत न खपलेली मेथी पिवळी पडते, तिची किंमत खपलेल्या मेथीवर चढते. वेष्टन, पाटी, प्रमाणपत्र ह्यांचा खर्च निराळा. शिवाय मधले लोक आपला वांटा टक्क्यांनीं आकारतात. मूळ भाव वाढला कीं, कष्ट तितकेच असून टक्केवारीची रक्कम आपोआप फुगते. ह्या सगळ्यांत लबाडी असलीच पाहिजे असें नाहीं. पण शेतकऱ्याचे सत्तावीस रुपये घरपोंच होईपर्यंत दीडशें-तीनशें होतात ते असे.

बारा माणसांच्या घरांत रोज तीन किलो भाजी धरली तर महिन्याची ९० किलो होते. सरासरी भाव किलोस ५० रुपये मानला तर ४,५०० रुपये. शेतकऱ्याच्या वाजवी वाढीसाठीं ह्यावर चारशें ते सव्वासहाशें रुपये अधिक पुरेत; दुकानांतल्या दुप्पट भावानें पुरे साडेचार हजार अधिक लागतात. पहिली रक्कम पुष्कळ घरांस झेपेल. दुसरी न झेपल्यामुळें घरांत भाजीच कमी शिजूं लागली, तर तें आरोग्याच्या दृष्टीनें वाईटच. तसें करण्यापेक्षां मंडईंतली भाजी दोन पाण्यांनीं चांगली धुऊन पोटभर खावी.

खरा पेंच ह्याहून निराळ्या जागीं आहे. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००० सालीं सुरू झाला. त्याच्या नियमांप्रमाणें हंगामी पिकांच्या जमिनीला पेरणीपूर्वीं दोन वर्षें संक्रमणाचीं काढावीं लागतात. त्या काळांत शेतकऱ्यानें रासायनिक खत-औषध वापरावयाचें नाहीं, आणि माल 'सेंद्रिय' म्हणून विकावयाचाहि नाहीं. जमीन अजून सुधारलेली नसते, उत्पन्न सर्वांत कमी असतें, आणि भाव मात्र साधा. आमच्या उदाहरणांतला शेतकरी वर्षास दोन हजार गमावतो असें धरलें, तर दोन वर्षांत त्याचा एका वर्षाचा सगळा नफा गेला. २०१५ सालच्या परंपरागत कृषि विकास योजनेंत गट करून येणाऱ्या शेतकऱ्यांना तीन वर्षें कांहीं साहाय्य दिलें जातें, पण तेवढ्यानें ही खांच भरत नाहीं. ज्याच्या घरीं नोकरीचा दुसरा पगार आहे तो ती ओलांडतो. ज्याच्या घरीं फक्त रानच आहे तो कांठावर उभा राहतो. घाईनें ओलांडूं पाहणाऱ्या एका संबंध देशाचें काय झालें तें अलीकडेच दिसलें. श्रीलंकेनें २०२१ सालीं रासायनिक खतांची आयात एकदम बंद केली. भाताचें उत्पन्न कोसळलें, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत सरकारला तो हुकूम मागें घ्यावा लागला.

तेव्हां प्रश्न असा कीं, हीं दोन वर्षें कोणी अंगावर घ्यावयाचीं? 'आम्हांस निर्विष भाजी पाहिजे' असें म्हणणारीं घरें शहरांत, आणि तिच्यासाठीं दोन वर्षें अर्ध्या मिळकतीवर काढणारें घर शिरोळांत किंवा करवीरच्या खेड्यांत. शिरोळच्या रानांतून टेम्पो भरभरून भाजी मोठ्या शहरांस जाते. आणि त्याच तालुक्यांत अति पाण्यानें व खतांच्या माऱ्यानें क्षारपड झालेल्या जमिनी, जमिनीखालीं सच्छिद्र नळ घालून, पुन्हां लागवडीस आणण्याचें खर्चाचें काम दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानें चाललें आहे. स्वस्त भाजीच्या किंमतींतला न भरलेला भाग असा पुढच्या पिढीच्या नांवावर पडतो. पण आजचा हप्ता आज भरावयाचा असतो, आणि तो शेतकरीच भरतो.

ह्यावर एक उपाय आपल्या जुन्या वहिवाटींतच आहे. वर्षाचें धान्य आपण कसें भरीत आलों? आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, शाळू, गूळ, हळद, मिरची हें सगळें उन्हाळ्यांत ओळखीच्या शेतकऱ्याकडून एकदम घ्यावयाचें. भाव एकदां ठरवावयाचा, माल उन्नीस-बीस असला तरी चालवून घ्यावयाचा, आणि संबंध पिढ्यान्‌पिढ्या टिकवावयाचा. ही बेगमीची बुद्धि भाजीच्या बाबतींत मात्र आपल्याला सुचत नाहीं. तेथें रोज संध्याकाळीं घासाघीस. भाजी टिकत नाहीं हें कारण खरें, परंतु माल टिकत नसला तरी करार टिकूं शकतो. जपानांत १९७० नंतरच्या दशकांत गृहिणींच्या मंडळांनीं हेंच केलें. कांहीं घरांनीं मिळून एका शेतकऱ्याशीं ठरवावयाचें, रानांत निघेल तें घ्यावयाचें, भाव आधीं बांधावयाचा. त्या पद्धतीला तेथें 'तेइकेई' म्हणतात, आणि पुढें पाश्चात्य देशांतहि तशाच योजना रुजल्या.

बांधलेल्या भावाचें मोल शेतकऱ्याला किती असतें हें आपल्याला सहज उमगत नाहीं. २०२३ च्या जुलैंत टोमॅटो शहरांतून किलोस शंभर-दीडशें रुपयांच्या वर गेला होता. पुढें दोनच महिन्यांत महाराष्ट्रांतल्या बाजारांत शेतकऱ्याला पांच रुपयेहि मिळेनात. अशा झोपाळ्यावर बसलेल्या माणसाला शेंकडा सत्तावीस अधिक भाव कदाचित् मिळेल ह्या आशेपेक्षां, रोज ठरलेला भाव नक्की मिळेल ही खात्री अधिक गोड वाटते. ऊस कां वाढला? त्याला सरकारनें ठरविलेला दर आहे, आणि ठरलेलें गिऱ्हाईक आहे. भाजीला ह्या दोहोंपैकीं एकहि नाहीं. २०१६ च्या जुलैंत राज्य सरकारनें फळें-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनांतून मोकळा केला. त्यामुळें शेतकऱ्यानें थेट दारीं येऊन विकण्यास कायद्याची आडकाठी उरलेली नाहीं. आडकाठी असली तर ती आपल्या संवयींची आहे.

भेसळीची शंका राहीलच. 'सेंद्रिय म्हणून साधीच भाजी दिली तर?' ह्याचें उत्तर कोल्हापूरकरांना दुसऱ्या कोणी शिकवावयास नको. गंगावेशींतल्या दूध कट्ट्यावर म्हैस उभी, गवळी धार काढतो, गिऱ्हाईक समोर पेला धरून उभें. तेथें कोणी प्रमाणपत्र विचारीत नाहीं. कोल्हापुराभोंवतीं चारी दिशांना रानें आहेत. महिन्यांतून एकदां घरांतल्या कोणी तरी जाऊन वाफा पाहून यावा, मुलांनाहि न्यावें. खतांच्या ढिगाला हात लावावा, शेतकऱ्याच्या पडवींतल्या कोपऱ्यांत कोणत्या बाटल्या आहेत त्यांवर नजर टाकावी. सरकारनेंहि परस्पर-हमीची एक पद्धति चालविली आहे, तिच्यांत शेतकरीच एकमेकांच्या रानांची पाहणी करतात. तशा गटांतला शेतकरी मिळाला तर उत्तमच.

अडचणी सांगितल्या नाहींत तर हा हिशेब खोटा ठरेल. अडत्या जीं कामें करतो तीं मग घरांना करावीं लागतील : टोपल्या उतरून घेणें, वांटणें, पैसे वेळेवर गोळा करणें, न नेलेल्या वांट्याचें काय करावयाचें तें ठरविणें. आणि खाण्याची तऱ्हा बदलावी लागेल. पावसाळ्यांत आठवडाभर दोडका, दुधी आणि पुन्हां दोडका येईल. वांगें पाहिजे त्या दिवशीं मिळणार नाहीं, कारण शेंडा आणि फळ पोखरणारी अळी त्यालाच सर्वांत अधिक छळते आणि फवारा मारावयाचा नाहीं असें आपणच ठरविलेलें असतें. कांदेनवमीला भरल्या वांग्यांवर यथेच्छ ताव मारून पुढें चार महिने वांगें बंद करणारीं घरें अजून आहेत. त्यांना हें जड जाऊं नये. किडका दाणा, वेडीवांकडी काकडी, भोंकें पडलेला कोबी हा चालवून घ्यावा लागेल. लहान कुटुंबांना हें सगळें कठीण आहे. परंतु बारा-पंधरा पानें उठणाऱ्या घराला टोपलीभर भाजी म्हणजे काय मोठीशी? अशीं आठ-दहा घरें एका पेठेंत असलीं कीं, एका शेतकऱ्याच्या अर्ध्या-पाऊण एकराची सोय झाली.

आरंभ संक्रमणांतल्या शेतकऱ्यापासूनच करावा, प्रमाणपत्र मिळालेल्यापासून नव्हे. त्याला गिऱ्हाइकाची गरज आहे ती आतां. भाव मंडईच्या रोजच्या भावावर न बांधतां वर्षाच्या सरासरीवर बांधावा आणि त्यावर शेतकऱ्याची वाढ घालावी. एका महिन्याचे पैसे आगाऊ द्यावे, म्हणजे उचलीसाठीं त्याला दुसरीकडे हात पसरावा लागणार नाहीं. पावसाळ्यांत सुरुवात करूं नये. कीड फार, पुराचें भय, आणि रस्ते वाईट. दिवाळी झाली कीं मेथी, पालक, चाकवत, मुळा, नवलकोल, वाल, गाजर यांची रेलचेल असते, तेव्हां कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत पांच महिने करून पाहावें आणि पाडव्याला दोघांनींहि आपापली वही उघडून समोरासमोर बसावें. त्या दिवसांत कोहळे जास्तच आले, तर ते टिकतात. फाल्गुनांतल्या उन्हांत त्यांचे सांडगे घालण्याचें काम आजींकडे द्यावें.